जालावरील बिऱ्हाड

‘आमच्या शाळेचा अंक जालावर आहे’ किंवा ‘अमक्याच्या मुंजीची छायाचित्रे जालावर पाहिली’ अशी वाक्ये हल्ली पाचवीतील मुलाच्याही तोंडी असतात. परंतु जालावर म्हणजे नेमके कोठे, असे विचारले तर जाणती माणसेही आकाशाकडे बोट दाखवितात. ह्यात त्यांचा फारसा दोष नाही. व्यापाऱ्यांनीच ह्या व्यवस्थेस ‘मेघ’ हे काव्यमय नाव देऊन ठेवले आहे. वस्तुतः जे काही असते ते कोणत्या तरी गावी, कोणत्या तरी इमारतीत, अहोरात्र जाग्या असणाऱ्या एका यंत्राच्या तबकडीवर असते. त्या यंत्रास सर्व्हर म्हणतात. आपले लेखन वा चित्र जालावर ठेवणे म्हणजे अशा एका यंत्रात बिऱ्हाड थाटणे होय. आणि बिऱ्हाड थाटावयाचे म्हटले की कारभार कोणाच्या हाती द्यावा आणि आल्यागेल्याच्या दृष्टीस काय पडू द्यावे, हे दोन प्रश्न आपोआप उभे राहतात.

विवेचन हवेत राहू नये म्हणून आपण एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. समजा, एखाद्या प्रशालेने आपले गेल्या पन्नास वर्षांचे वार्षिक अंक सर्वांस वाचावयास मिळावेत म्हणून जालावर ठेवावयाचे ठरविले. हेतू उत्तमच आहे. परगावी स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांस आपला पहिला निबंध पुन्हा पाहावयास मिळेल. परंतु त्याच अंकांत वर्गवार नामावल्या आहेत, मुलामुलींची छायाचित्रे आहेत, क्वचित घरचे पत्ते व दूरध्वनी क्रमांकही आहेत. हे सारे जेव्हा गावात दोनशे प्रतींत वाटले जात होते तेव्हाची गोष्ट निराळी, आणि पृथ्वीच्या पाठीवरील कोणीही क्षणार्धात शोधून काढू शकेल अशा स्थळी ते ठेवणे निराळे.

आरंभी कारभाऱ्याचा विचार करू. संगणकातील विद्युत्‌मंडले स्वतः काहीच जाणत नाहीत. कोणत्या कामास किती स्मृती द्यावी, तबकडीवर कोणते लेखन कोठे ठेवावे, बाहेरून आलेल्या हाकेला कोणी उत्तर द्यावे व कोणाला आत येऊ द्यावे, हे ठरविणारी जी आज्ञावली असते तिला संचालन प्रणाली अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मोठ्या वाड्यातील कारभाऱ्याचे जे स्थान तेच हिचे. कारभारी फितूर वा झोपाळू निघाला तर दाराला कितीही जाड अडसर लावला तरी उपयोग नसतो.

आज प्रचारात असलेल्या बहुतेक प्रणालींचे मूळ कूळ एकच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची ह्यांनी युनिक्स नामक प्रणालीचे काम आरंभिले. तिच्या धर्तीवर, परंतु सर्वांस मुक्तपणे वापरता, वाचता व बदलता येईल अशी प्रणाली रचण्याचा संकल्प रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ मध्ये जाहीर केला. पुढे १९९१ च्या ऑगस्टात हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण छंद म्हणून एक लहानशी प्रणाली लिहीत आहोत, असे कळविले. त्या छंदातून लिनक्स जन्मास आली, आणि आज जालावरील बहुसंख्य सर्व्हर तिच्यावरच चालतात. मायक्रोसॉफ्टची विंडोज सर्व्हर ही प्रणालीही कित्येक कचेऱ्यांत वापरतात. तिच्यासाठी परवान्याचे पैसे मोजावे लागतात, आणि तिचा अंतर्भाग बाहेरच्या कोणास वाचता येत नाही. आमच्या मते शाळेसारख्या संस्थेस लिनक्सच बरी. ती फुकट मिळते हे एक कारण झाले, परंतु त्याहून मोठे कारण असे की तिची घडण उघडी असल्यामुळे तिच्यात कोणी काही लपविले तर ते शोधून काढणारे डोळे जगभर आहेत.

परंतु ‘लिनक्स’ एवढे म्हणून भागत नाही. तांदूळ आणा म्हटले तर वाणी कोणता म्हणून विचारतोच. लिनक्सच्या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी उपयुक्त आज्ञावल्या जोडून आपापली वितरणे सिद्ध केली आहेत. ही निवडताना नवशिके बहुधा पडद्यावरचे रूप पाहतात. सर्व्हरला पडदाच नसतो, तेव्हा ह्या रूपाला तेथे काडीचीही किंमत नाही. पाहावयाचे ते हे की ह्या वितरणाची डागडुजी किती वर्षे होत राहणार आणि ते वचन देणारा कोण. कारण कोणत्याही प्रणालीत दोष सापडत राहतातच. ते सापडल्यावर दुरुस्ती पाठविणारा कोणी उरला नाही तर ते घर दरवाजा उघडा टाकून गावाला गेलेल्या माणसाच्या घरासारखे होते.

ह्या संबंधात सेंटओएसचा इतिहास बोधप्रद आहे. रेड हॅट ह्या कंपनीच्या सशुल्क प्रणालीची विनामूल्य प्रतिकृती म्हणून हे वितरण २००४ पासून लोकप्रिय होते. महाविद्यालये, प्रयोगशाळा, लहान उद्योग अशा असंख्य ठिकाणी ते नांदत होते. त्याची आठवी आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्ये निघाली, तेव्हा २०२९ पर्यंत तिची देखभाल होईल अशी सर्वांची धारणा करून देण्यात आली होती. डिसेंबर २०२० मध्ये, तोवर ह्या प्रकल्पाचे पालकत्व स्वीकारलेल्या रेड हॅटने जाहीर केले की ही देखभाल २०२१ च्या अखेरीस संपेल. दहा वर्षांचा करार समजून राहावयास आलेल्यांना वर्षाच्या नोटिशीवर सामान हलवावे लागले. त्यांच्या सोयीसाठी रॉकी लिनक्स व अल्मालिनक्स अशी दोन नवी वितरणे लवकरच उभी राहिली, हे मुक्त प्रणालीचे सामर्थ्य खरे. परंतु रात्री जागून यंत्रे हलविणाऱ्यांचे श्रम काही चुकले नाहीत.

म्हणून आम्हांस डेबियन अधिक विश्वसनीय वाटते. इयान मरडॉक ह्यांनी १९९३ मध्ये स्थापिलेला हा प्रकल्प कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरचे स्वयंसेवक तो चालवितात, आणि वापरणाऱ्यांशी आपले नाते काय हे त्यांनी १९९७ मध्येच एका सामाजिक करारनाम्यात लिहून ठेवले आहे. साधारण दर दोन वर्षांनी तिची नवी स्थिर आवृत्ती निघते व प्रत्येकीची डागडुजी सुमारे पाच वर्षे होते. डेबियनवरच आधारलेली उबुंटू ही प्रणाली एका कंपनीची आहे. तिच्या दर दोन वर्षांनी निघणाऱ्या दीर्घ देखभालीच्या आवृत्त्यांनाही पाच वर्षांचे अभय असते आणि नवशिक्यास मार्गदर्शन करणारे लेखन तिच्याविषयी विपुल सापडते. आपल्या देशातही सी-डॅकने डेबियनच्या पायावर बॉस नावाची प्रणाली सिद्ध केली आहे. केरळ राज्यातील सरकारी शाळांनी तर आपल्या गरजेनुसार घडविलेली लिनक्स वर्गावर्गांत नेली. तेव्हा हे काम शाळामास्तरांच्या आवाक्याबाहेरचे आहे असे समजण्याचे कारण नाही.

येथे कोणी असे विचारील की दोन वर्षांपूर्वीच्या आज्ञावल्या वापरणाऱ्या स्थिर आवृत्तीपेक्षा रोज ताजी होणारी आवृत्ती का घेऊ नये? ह्याचे उत्तर २०२४ च्या मार्चमध्ये घडलेल्या एका प्रसंगाने दिले आहे. एक्सझेड नामक, लेखन आवळून लहान करणारी एक आज्ञावली जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. तिची जोपासना एकच स्वयंसेवक फावल्या वेळात करीत असे. जिया टॅन असे नाव सांगणाऱ्या कोणा व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ त्याला चांगली मदत केली, विश्वास संपादला, अधिकार मिळविले, आणि नंतर नव्या आवृत्तीत एक चोरदार बसविले. त्या दाराने दूरच्या कोणत्याही यंत्रात शिरता आले असते. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला आपल्या चाचणीच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते; त्याने माग काढला आणि २९ मार्च रोजी सारे प्रकरण उघड केले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की ते चोरदार डेबियनच्या चाचणीतील आवृत्त्यांपर्यंत पोहोचले होते, स्थिर आवृत्तीत ते आलेच नव्हते. नवे पीठ चाळणीतून जाण्यास वेळ लागतो. तो वेळ वाया गेलेला नसतो. अर्थात स्थिर आवृत्ती घेणे आणि तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या आळसाने न घेणे ह्या दोन गोष्टींची गल्लत करू नये. त्या दुरुस्त्या आपोआप येतील अशी व्यवस्था डेबियन व उबुंटू ह्या दोहोंत आहे आणि ती चालू ठेवावी.

कारभारी स्वतःच चहाडखोर असला तर? हीही शंका निराधार नव्हे. उबुंटूच्या ऑक्टोबर २०१२ च्या आवृत्तीत एक विचित्र सोय आली. वापरणाऱ्याने आपल्याच संगणकातील एखादा कागद शोधण्यास नाव टंकित केले तरी ते शब्द बाहेर पाठवून ॲमेझॉनच्या दुकानातील वस्तू त्याला दाखविल्या जात. ह्यावर मोठा गदारोळ झाला, आणि २०१६ च्या आवृत्तीत ही सोय मुळात बंद ठेवण्यात आली. डेबियनही कोणत्या आज्ञावल्या किती वापरल्या जातात ह्याची मोजदाद करते, परंतु ती आधी विचारते, आणि न सांगितल्यास काही पाठवीत नाही. विचारून घेणे आणि न विचारता घेणे, ह्यांतील अंतर आमच्या विद्यार्थ्यांस घरीच शिकविलेले असते.

आता जागेविषयी. सर्व्हर आपल्या घरी वा शाळेत ठेवावा, की भाड्याने घ्यावा? रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक २०१२ पासून मिळतो आणि त्याची प्रणालीही डेबियनचीच लेक आहे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात असा एक ठेवून मुलांना शिकविणे फार चांगले. परंतु सगळ्या जगासाठी दार उघडावयाचे तर अडचणी येतात. आपल्याकडील बऱ्याच जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ताच मिळत नाही. अनेक ग्राहक एकाच पत्त्याआड बसविलेले असतात. मिळालाच तर त्या पत्त्यावरून आपली सेवा कोणाची आणि साधारण गाव कोणते, हे येणाऱ्यास कळते. वीज जाते ती निराळीच.

भाड्याच्या जागेची गोष्ट गोमंतकीय वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. भाटकाराच्या भाटात खोप बांधून राहणाऱ्या मुंडकाराचे घर त्याचे असते, जमीन त्याची नसते. भाड्याच्या सर्व्हरात प्रणाली आपण निवडतो, किल्ल्या आपण ठेवतो, पण खालची तबकडी दुसऱ्याची असते व मनात आणल्यास तो ती वाचू शकतो. शिवाय भारतातील अशा सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता व संपर्क पाच वर्षे जपून ठेवावेत, असा निर्देश सर्ट-इन ह्या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेला आहे. म्हणजे भाडेकरूची नोंद मालकापाशी असणारच. ह्यात भिण्यासारखे काही नाही. फक्त आपण निनावी आहोत ह्या भ्रमात राहू नये, आणि जे कोणाच्याच दृष्टीस पडू नये ते तेथे ठेवू नये.

दारावरची पाटी म्हणजे डोमेन नाव. देवनागरीत ‘.भारत’ असा शेवट असलेली नावेही ऑगस्ट २०१४ पासून मिळतात व ती मराठी आणि कोंकणी ह्या दोन्ही भाषांसाठी आहेत, हे आवर्जून सांगावेसे वाटते. नाव नोंदविताना मात्र नोंदविणाऱ्याचे नाव, पत्ता व दूरध्वनी द्यावा लागतो. एके काळी ही सारी माहिती ‘हूइज’ नामक सार्वजनिक वहीत कोणासही वाचावयास मिळे. युरोपातील माहितीसंरक्षणाचा कायदा मे २०१८ मध्ये अंमलात आल्यावर ‘.कॉम’सारख्या नावांच्या बाबतीत व्यक्तींचा तपशील बहुतांशी झाकला गेला. तरीही आमची सूचना अशी की नोंदणी शाळेच्या नावे, शाळेच्या पत्त्यावर, शाळेच्या टपालपेटीवर व्हावी. एखाद्या उत्साही शिक्षकाच्या घरच्या पत्त्यावर ती केली की त्याचे खाजगीपण जाते, आणि त्याची बदली झाली की शाळेचे नावही त्याच्याबरोबर जाते.

वाचक आणि सर्व्हर ह्यांमधील संभाषण वाटेत कोणी वाचू नये म्हणून ते कूटलेखनात व्हावे लागते. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र पूर्वी विकत घ्यावे लागे. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था ते कोणासही विनामूल्य देत आली आहे. ह्यात एक बारकावा आहे, आणि तो अनेक जाणत्यांसही ठाऊक नसतो. खोटी प्रमाणपत्रे ओळखता यावीत म्हणून दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंद सार्वजनिक वह्यांत होते, आणि त्या वह्या कोणीही चाळू शकतो. तेव्हा परीक्षेच्या गुणांसाठी ‘गुण’ ह्या उपनावाचे वेगळे दालन काढून, त्याचा पत्ता कोणास सांगितला नाही म्हणजे ते गुप्त राहिले, असे कोणी समजत असेल तर ते चूक आहे. प्रमाणपत्र घेतल्यानंतर थोड्याच वेळात त्या दालनाचे नाव त्या वहीत जाते आणि अनोळखी यंत्रे कडी वाजवू लागतात. पत्ता लपविणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे.

कुलपाविषयी थोडक्यात सांगू. सर्व्हरमध्ये शिरण्यास परवलीच्या शब्दाऐवजी कूटकिल्ल्यांची जोडी वापरावी, जेवढी दारे लागतात तेवढीच उघडी ठेवावीत, आणि कारखान्यातून आलेला ठरीव परवलीचा शब्द पहिल्या दिवशीच बदलावा. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक आज्ञावलीने असे सुमारे साठ ठरीव शब्द पाठ करून घरोघरचे कॅमेरे व तत्सम लाखो उपकरणे वश केली. त्यांच्या फौजेने २१ ऑक्टोबर रोजी डाइन ह्या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत कित्येक मोठी संकेतस्थळे तासन्‌तास अदृश्य झाली.

एवढी तटबंदी केली तरी घरातील माणसानेच गुपित ओसरीवर मांडून ठेवले तर प्रणालीचा काय इलाज? मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या पोटात चित्राखेरीज दिवस, वेळ, यंत्राचे नाव आणि पुष्कळदा अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. विषाणूप्रतिबंधक आज्ञावलीमुळे ज्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते जॉन मॅकॅफी २०१२ मध्ये पोलिसांपासून लपत फिरत असता एका नियतकालिकाने त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यातील अक्षांश-रेखांशांवरून ते ग्वाटेमालात असल्याचे जगाला समजले, व थोड्याच दिवसांत त्यांना अटक झाली. एखाद्या मुलीचे घराच्या अंगणात काढलेले छायाचित्र तिच्या नावासह ठेवले तर आपण कोणाच्या हाती काय देतो, ह्याचा विचार पालकांनीच करावा. ही दडलेली माहिती काढून टाकणाऱ्या आज्ञावल्या लिनक्समध्ये सहज मिळतात. चित्र चढविण्यापूर्वी त्यांच्यातून ते गाळून घ्यावे.

वार्षिकांच्या पीडीएफ प्रतींचेही असेच आहे. नामावलीतील पत्त्यांवर काळी पट्टी ओढली की काम झाले असे वाटते. परंतु पुष्कळदा पट्टी वर असते आणि अक्षरे तिच्याखाली जशीच्या तशी राहतात. ती उचलून दुसरीकडे चिकटविता येतात. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट ह्यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदाची नेमकी हीच गत झाली आणि झाकलेला मजकूर वार्ताहरांनी त्याच दिवशी वाचून काढला. जुन्या अंकांची ती पानेच वगळावीत, किंवा कागदावर शाई फिरवून मग त्याचे चित्र घ्यावे. हा दुसरा उपाय गावंढळ दिसला तरी खात्रीचा आहे.

कायद्याची बाजूही आता स्पष्ट झाली आहे. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने दिला. त्यानंतर २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध होऊन टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. ह्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे व त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. दरवर्षी प्रवेशअर्जाबरोबर एक जास्तीचा कागद भरून घेण्यास शाळेस कष्ट पडू नयेत. ज्यांनी नकार दिला त्यांच्या पाल्याचे छायाचित्र छापील अंकात राहील, जालावरील अंकात ते नसेल, इतकेच.

येणाऱ्या वाचकांचेही काही खाजगीपण असते. सर्व्हर प्रत्येक पाहुण्याचा पत्ता व वेळ आपल्या नोंदवहीत लिहून ठेवतो. हल्लेखोर ओळखण्यास ती वही उपयोगी पडते, म्हणून ती कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत ठेवावी. त्यापलीकडे साठवू नये, आणि आपल्या वाचकांची गणना करण्यासाठी जाहिरातदार कंपन्यांचे फुकट मोजणीदार आणून बसवू नयेत. ते पाहुणे मोजता मोजता त्यांच्या मागे घरापर्यंत जातात.

राहता राहिली प्रतींची गोष्ट. सर्व्हर बिघडतो, भाडे थकते, कंपनी बुडते; म्हणून सर्व अंकांची एक प्रत शाळेत व दुसरी शाळेबाहेर असावी. बाहेरची प्रत कूटबद्ध असावी, म्हणजे ती हरवली तरी नामावल्या परक्याच्या हाती पडणार नाहीत. मात्र कूटबद्ध प्रतीची किल्ली हरवली तर ती प्रत असून नसल्यासारखी होते. तेव्हा सर्व्हरचा पत्ता, प्रणालीचे नाव व आवृत्ती, तिची देखभाल संपण्याचे वर्ष, डोमेनचे भाडे भरण्याची तारीख आणि ही किल्ली, एवढे एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून, लिफाफ्यास लाख लावून, तो मुख्याध्यापकांच्या कपाटात जनरल रजिस्टराशेजारी ठेवावा, आणि दर जूनमध्ये शाळा उघडल्यावर तो उघडून किल्ली लागते की नाही हे पाहून पुन्हा बंद करावा.